दोन बोटं रिकामी

थर्माकोलचं खोकं मंगळीबायनं फुकट दिलं,
सायन कोळीवाड्यात, दुपारी, बाजार उठताना.
"सुरमईचं हाय, दादा. वास जायचा नाय."
तीनदा धुतलं, लिंबू फासलं, उन्हात ठेवलं.
वास गेला नाही.
पालकाला त्याचं काही वाटलं नाही.

आत कचऱ्याची काळी पिशवी अंथरली, कोरी.
झाकणाला सहा भोकं,
तापवलेल्या डबड्याच्या काठाने पाडलेली.
दह्याचे सहा कप, बुडाला चिरा दिलेले,
त्यात देवळाबाहेरच्या ढिगातली नारळाची शेंडी,
आठ दिवस भिजवून, तांबडं पाणी फेकून फेकून.
खर्च एकशे चाळीस रुपये.
त्यातले नव्वद औषधाचे, म्हणजे खताचे.
मी औषधच म्हणतो.
छत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो,
पुड्या तोलून विरघळवणं एवढंच मला येतं.
आधी एक, ढवळ, मग दुसरी.
दाट असताना दोन्ही एकत्र केल्या तर तळाशी खडू बसतो.

मातीचीही कुंडी होती आधी.
ती गळली खालच्या घाडीगावकरांच्या वाळत्या साडीवर,
आणि सोसायटी नसलेल्या इमारतीत
सोसायटीसारखी सभा भरली.
गॅलरीला टेकू आहेत, वजन नको, म्हणाले.
संक्रमण शिबिर. नावातच आहे, थोडे दिवस.
आम्ही आलो तेव्हा रश्मी दुसरीत होती.
परवा तिची मुलगी दुसरीत गेली.

पालिकेचा पोरगा आला, डासांच्या अळ्या शोधणारा,
हातात विजेरी, काखेत दंडाचं पावतीपुस्तक.
"साठवलेलं पाणी?"
झाकण उचलून दाखवलं.
उजेडात मुळं लोंबत होती,
ओल्या शेवयांसारखी, पांढरी.
अळी एक नाही.
तो तरी वाकूनच राहिला.
"माती कुठंय काका?"
म्हटलं, तीच तर आम्हीही विचारतोय.
जाताना पुदिन्याच्या दोन काड्या घेऊन गेला,
पावतीपुस्तकात दाबून.

मग कुमुदचं पित्ताशय. सायन हॉस्पिटल. अकरा दिवस.
किल्ली जुलेखाबीकडे.
पाणी पहाटे साडेचारला येतं, पाऊण तास,
आणि त्या पाऊण तासात सात माणसांची पिंपं भरून
ती रोज एक तांब्या माझ्या खोक्यात ओतत होती.
काठोकाठ.

परतलो तर पालक पिवळा, माना टाकलेल्या.
मुळं तपकिरी, बोटाला बुळबुळीत.
"हमने तो रोज पानी डाला, भाईसाब.
एक दिन भी नागा नहीं किया."

त्याचं असं असतं.
रोपं पितात तसं पाणी उतरत जातं,
झाकणाखाली पोकळी उरते,
आणि तेवढ्या अंधारात काही मुळं
हळूहळू केसाळ होतात, हवा घ्यायला शिकतात.
एकदा हवेची झाली
की त्यांना परत बुडवायचं नसतं,
कितीही मायेनं.

हे तिला नाही सांगितलं.
म्हटलं, ऊन लागलं असेल.
तिच्या पिंपातला तो अकरावा तांब्या
मला दिसत होता.

मंगळीबायकडे पुन्हा गेलो, दोन खोकी मागितली.
ह्या खेपेला बांगड्याची.
एक जुलेखाबीसाठी, कोथिंबीर आणि पुदिना.
काठाखाली दोन बोटं सोडून
आतून मार्करने रेघ मारली,
शाळेत चंचुपात्रावर मारायचो तशी.
सांगितलं, ह्याच्या वर कधीच नाही.

ती रेघेकडे बघत राहिली.
"इतनी जगह खाली काहे को?"
कुमुद टाके सांभाळत पलंगावरूनच म्हणाली,
"असू दे गं. ह्या इमारतीत
रिकामी जागा दिसली
की कुणीतरी राहायला येतंच."

जुलेखाबी हसली, नाकाला पदर लावून.
बांगड्याचा वास सुरमईपेक्षा उग्र असतो.